मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात वर्षभर राहायला येताय? मग कामं या क्रमाने करा

दर दोन-तीन महिन्यांनी पुण्याहून कुणाचा तरी फोन येतो, "अरे मला ग्वादालाहाराला पाठवतायत, काय काय आणू?" आणि मी दरवेळी सांगतो की काय आणायचं ते नंतर बोलू, आधी कशानंतर काय करायचं ते लिहून घे. कारण इथे अडकलेली जेवढी माणसं मी पाहिली त्यातलं कुणी फारसं काही विसरून आलं नव्हतं, सगळ्यांनी क्रम उलटा केला होता. बँक पत्त्याचा पुरावा मागते, पत्ता हवा तर घर हवं, घरमालक म्हणतो रेसिडेन्सी कार्ड दाखवा, आणि कार्डासाठी जे तीस दिवस मिळतात ते लोक घर बघण्यात घालवतात.

खालचं सगळं टेम्पररी रेसिडेंट व्हिसावर येणाऱ्यांसाठी आहे. व्हिजिटर म्हणून सहा महिन्यांच्या आत परत जाणार असाल तर तिसऱ्या टप्प्यातलं फक्त सिमचं वाचा, बाकीचे टप्पे तुम्हालाही लागतील.

१. निघायच्या आधी: नाव, लग्नाचा दाखला आणि मिक्सर

नावापासून सुरुवात, कारण आपल्या लोकांचा सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. मेक्सिकोत प्रत्येकाला दोन आडनावं, आधी वडिलांचं मग आईचं. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि त्यालाच चिकटून वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि वरच्या रकान्यात एकच आडनाव. समजा नाव आहे अमोल वसंत जाधव. इथला क्लार्क ते बघतो आणि त्याच्या सवयीने अमोल हे नाव, वसंत पहिलं आडनाव, जाधव दुसरं असं धरून मोकळा होतो. यात त्याची काही चूक नाही, त्याच्या देशात तसंच असतं.

फरक काय पडतो? इथे कुर्प नावाचा अठरा अक्षरी नंबर असतो, आपल्या आधारसारखा सगळीकडे लागणारा. त्याची पहिली चार अक्षरं नावावरून बनतात: पहिल्या आडनावाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर, दुसऱ्या आडनावाचं पहिलं अक्षर, मग नावाचं पहिलं अक्षर. दुसरं आडनाव नसेल तर तिथे एक्स. म्हणजे आपल्या अमोलचं बरोबर कुर्प सुरू होणार जे-ए-एक्स-ए ने, आणि क्लार्कने वसंतला आडनाव केलं तर व्ही-ए-जे-ए ने. पुढे टॅक्सचा नंबर, बँक, सोशल सिक्युरिटी सगळं यावरच उभं राहतं, आणि तीन महिन्यांनी कुठेतरी पासपोर्टशी जुळत नाही म्हणून सगळं पहिल्यापासून.

म्हणून निघायच्या आधी ऑफर लेटर, व्हिसा फॉर्म, कंपनीच्या एचआरकडचं नाव, सगळं पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघा. दुसऱ्या आडनावाचा रकाना रिकामा ठेवायचा. आईचं माहेरचं आडनाव आठवून तिथे भरू नका, मी हेही पाहिलंय.

कुटुंब बरोबर येणार असेल तर लग्नाचा दाखला इंग्रजीतला घ्या. त्याला आधी राज्याचं अटेस्टेशन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारं प्रमाणपत्र, आणि स्पॅनिश भाषांतर मात्र इथे आल्यावर इथल्या अधिकृत भाषांतरकाराकडून, त्याला पेरितो त्रादुक्तोर म्हणतात. भारतातून भाषांतर करून आणलेलं बहुतेक वेळा परत करायला लावतात, आणि दाखला नुसता मराठीत असेल तर इथे तो भाषांतर करणारा शोधत बसाल. मुलांच्या जन्मदाखल्याचंही तसंच.

आता मिक्सर. इथे 127 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ, पिना अमेरिकेसारख्या चपट्या. फोन-लॅपटॉपचे चार्जर चालतात, फक्त पिन बदलायची. मिक्सर, इस्त्री, केटल चालत नाही. मी ट्रिमरसाठी असतो तो छोटा कन्व्हर्टर आणला होता आणि त्यावर साडेसातशे वॅटचा मिक्सर लावला, खोबऱ्याची चटणी अर्धी वाटली गेली आणि मग जो वास आला तो दोन दिवस किचनमधून गेला नाही. एकतर अमेरिकेत विकायला बनवलेला 110 व्होल्टचा भारतीय मिक्सर आणा, नाहीतर इथला ब्लेंडर घ्या, त्याला लिकुआदोरा म्हणतात आणि तो घरोघरी असतो. ओलं वाटण त्यात मस्त होतं, कोरड्या मसाल्याला कॉफी ग्राइंडर.

प्रेशर कुकर मात्र आणाच, दोन जास्तीच्या रिंगा आणि शिट्टीसकट. शहर साधारण 1,560 मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा उंच आणि कळसूबाईपेक्षा थोडंसंच खाली. उघड्या पातेल्यात डाळ शिजवत बसाल तर ऑफिसला उशीर.

इशारा: घरी केलेले लाडू-चटण्या, लेबल नसलेल्या पुड्या, बियाणं, ताजी फळं बॅगेत नकोत. सीलबंद, छापील लेबलवालं सामान आणा आणि विचारलं तर दाखवा. वेप आणू नका, इथे आणायला बंदी आहे. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असेल तर त्याही घरीच ठेवा, तेही इथे बंद आहे.

२. विमानतळावर: शिक्का बघितल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही

इमिग्रेशन मेक्सिकोत जिथे पहिल्यांदा उतराल तिथे होतं. मेक्सिको सिटीवरून कनेक्शन असेल तर तिथेच, आणि बॅगाही तिथेच घेऊन परत टाकायच्या. मधे दीड तासाचं कनेक्शन घेऊ नका.

टेम्पररी रेसिडेंट व्हिसा पासपोर्टात चिकटवलेला असतो, ते पान उघडूनच पुढे करा. ज्यांच्याकडे अमेरिकेचाही चालू व्हिसा असतो ते नेमकं इथे चुकतात. वैध अमेरिकन व्हिसावर भारतीयांना मेक्सिकोत व्हिजिटर म्हणून प्रवेश मिळतो, त्यामुळे तो दाखवला की तुमची नोंद टूरिस्ट म्हणून होते आणि रेसिडेन्सीचा सगळा खटाटोप बाराच्या भावात. तोंडाने "कान्हे" म्हणा, म्हणजे अदलाबदल, व्हिसा देऊन कार्ड घ्यायचंय. शिक्क्यावर कान्हे आणि 30 दिवस असं पाहिजे.

व्हिजिटरवाल्यांनी शिक्क्यावर हाताने लिहिलेला दिवसांचा आकडा वाचायचा. सगळ्यांना 180 आपोआप मिळतात हा समज जुना झाला, अधिकारी कमीही देतात, आणि व्हिजिटरची मुदत देशात राहून वाढवता येत नाही. परतीचं तिकीट आणि राहायचं बुकिंग हातात ठेवा आणि नम्रपणे किती दिवस हवेत ते सांगा.

तपासा: रांगेतून बाहेर पडायच्या आधी आकडा आणि शब्द दोन्ही वाचले? चुकलं असेल तर तिथल्या तिथे परत फिरा, बाहेर पडल्यावर ते दुरुस्त करणं म्हणजे वकील.

३. पहिले तीस दिवस: आधी कार्ड, बाकी सगळं नंतर

पहिल्या दिवशी फक्त सिम. ओक्सो नावाची दुकानं दर दोन चौकांनी दिसतील, तिथे किंवा कंपनीच्या दुकानात सिम मिळतं, पासपोर्ट बरोबर ठेवा. नंबर दहा आकडी, इथले 33 ने सुरू होतात. प्लंबरपासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळा व्यवहार व्हॉट्सअॅपवर चालतो, म्हणून हे आधी. कुणी नंबर देताना 52 नंतर 1 लावायला सांगितलं तर ते 2019 च्या आधीचं आहे, आता लागत नाही.

दुसऱ्या दिवशी इमिग्रेशन ऑफिसची अपॉइंटमेंट. प्रक्रिया तीस दिवसांच्या आत सुरू झाली पाहिजे आणि अपॉइंटमेंट लगेच मिळेलच असं नाही, त्यामुळे "जरा सेटल होतो मग बघू" हे चालणार नाही. फॉर्म, फीची पावती, फोटो, पासपोर्ट आणि सगळ्याच्या झेरॉक्स. फोटो काढताना चष्मा काढायचा, केस कपाळावरून मागे.

आता काउंटरवरची ती दोन मिनिटं. क्लार्क स्क्रीनवर किंवा प्रिंटवर तुमची माहिती दाखवतो आणि सही मागतो. आपण दमलेलो असतो, स्पॅनिश कळत नसतं, आपण हसून सही करतो. तसं करू नका. बोट ठेवून वाचा: नोम्ब्रे म्हणजे नाव, तिथे अमोल वसंत. प्रिमेर आपेयिदो म्हणजे पहिलं आडनाव, तिथे जाधव. सेगुंदो आपेयिदो रिकामा. मग जन्मतारीख. मग कुर्पची पहिली चार अक्षरं. चुकलं असेल तर शांतपणे पासपोर्ट दाखवून "सोलो उन आपेयिदो" म्हणा, एकच आडनाव. लगेच बदलून देतात.

इशारा: कार्ड हातात येईपर्यंत देशाबाहेर जायचं नाही. घरी काही झालं आणि जावंच लागलं तर त्याच ऑफिसातून बाहेर जाऊन परत यायची परवानगी घ्यायची आणि मगच तिकीट. आणि नंतर घर किंवा नोकरी बदलली तर ती 90 दिवसांच्या आत कळवावी लागते, हे बहुतेकांना दंड भरताना कळतं.

कार्ड आलं की त्यावर कुर्प असतं. मग टॅक्स नंबर, आरएफसी, त्याची अपॉइंटमेंट ऑनलाइन वेटिंग लिस्टवर मिळते म्हणून कार्डाच्या दिवशीच नाव लावा. बँक सगळ्यात शेवटी.

४. घर: दोन-तीन आठवडे तात्पुरतं राहा, मगच सही

भारतातूनच ऑनलाइन फोटो बघून डिपॉझिट पाठवणारे आहेत. नका करू. आधी भाड्याच्या खोलीत राहा आणि स्वतः बघा.

घरमालक पहिली गोष्ट मागेल ती आवाल, म्हणजे असा जामीनदार की ज्याच्या नावावर याच शहरात घर आहे. आपल्याकडे कुठून येणार. त्याला पर्याय पोलिसा हुरिदिका, एक वकिली कंपनी तुमची चौकशी करते आणि तुम्ही तिची फी भरता. म्हणून घर बघायला जायच्या आधीच विचारा, "आसेप्तान पोलिसा?" नाही म्हणाले तर तिथे वेळ घालवू नका.

कुठे राहायचं हे तुमच्या ऑफिसवर आहे पण माझं मत सांगतो. आमेरिकाना भाग सगळ्यांना आवडतो, झाडं आहेत, कॅफे आहेत, आणि रात्री दोनपर्यंत खालचं संगीतही आहे. चापालिता शांत, मुलांना बरं. सांता तेरे म्हणजे आपल्या पेठेसारखं, मंडई, चांभार, शिंपी सगळं पायी. दक्षिणेला त्लाहोमुल्कोकडे घरं मोठी आणि स्वस्त, पण मग रोज लोपेस मातेओस रस्ता, आणि त्या ट्रॅफिकपुढे हिंजवडीवाल्यांनीही हात टेकलेत. प्लाझा देल सोलच्या आसपास पावसाळ्यात रस्त्याची नदी होते, तिथे तळमजला नको.

घर बघताना हे करा: गरम पाण्याचा नळ सोडून पाच मिनिटं उभं राहा. गच्चीवर तिनाको म्हणजे टाकी असतेच, पण खाली अल्हिबे, जमिनीतली टाकी, आहे का विचारा, कारण पाणी गेलं की नुसता तिनाको दोन दिवसांत संपतो. तळमजल्यावर भिंतीला खाली पाण्याची रेघ आहे का बघा. विजेचं शेवटचं बिल मागा. ते दोन महिन्यांनी येतं आणि तेच पुढे बँकेत पत्त्याचा पुरावा म्हणून लागतं, नाव मालकाचं असलं तरी बरेचदा चालतं. आत जाताना प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सअॅप करा.

तपासा: पत्ता सांगताना कोलोनिया, म्हणजे वस्तीचं नाव, आणि पिनकोड दोन्ही पाठ आहेत? हिदाल्गो नावाचा रस्ता इथे एका महानगरात कित्येक ठिकाणी आहे, नुसता रस्ता-नंबर सांगितला तर टॅक्सी भलत्याच गावात उभी राहते.

५. पाणी आणि गॅस

नळाचं पाणी पीत नाहीत, इथलेही पीत नाहीत. वीस लिटरचा गाराफोन आणायचा. पहिल्यांदा रिकाम्या जारचेही पैसे द्यावे लागतात, नंतर रिकामा देऊन भरलेला. पण एका कंपनीचा जार दुसरी कंपनी बहुतेक घेत नाही, त्यामुळे तुमच्या गल्लीत कुणाची गाडी येते ते शेजाऱ्याला विचारूनच पहिला घ्या. कोपऱ्यावरच्या प्युरिफिकादोरात, म्हणजे शुद्ध पाण्याच्या दुकानात, तोच जार स्वस्तात भरूनही मिळतो. तोंडाचं झाकण काढायच्या आधी गळा पुसून घ्या, तो गाडीत, रस्त्यावर, कुणाच्या खांद्यावर बसून आलेला असतो. उलटा करून स्टँडवर ठेवायचा पराक्रम करू नका, हातपंप किंवा बॅटरीचा पंप मिळतो तो लावा, कंबर वाचेल.

भाज्या-कोथिंबीर आधी नळाखाली माती जाईपर्यंत धुवायच्या, मग पाण्यात निर्जंतुक करायचे थेंब टाकून भिजवायच्या. थेंब सुपरमार्केटमध्ये भाज्यांजवळच असतात, किती थेंब किती मिनिटं ते बाटलीवर लिहिलेलं असतं. लोक क्रम उलटा करतात, मातीसकट थेंबात टाकतात, मग त्याचा उपयोग नाही.

गॅस दोन प्रकारे. एकतर सिलिंडर, नाहीतर गच्चीवर पक्की बसवलेली टाकी जी गाडी येऊन पाइपने भरते. टाकी असेल तर भरायच्या आधी मीटर शून्यावर आहे ना ते स्वतः बघा, आणि टाकीवरचा काटा आधी किती नंतर किती त्याचा फोटो काढा. काटा 20 टक्क्यांवर आला की बोलवायचं. शून्य होईपर्यंत थांबलात तर तो रविवार असेल आणि डोक्याला शॅम्पू असेल, बॉयलरही त्याच गॅसवर चालतो.

६. खाणं: "कार्ने नको" एवढं पुरत नाही

शाकाहारी लोकांनी हे कागदावर लिहून ठेवा. कार्ने म्हणजे इथल्या डोक्यात बीफ आणि डुक्कर. कार्ने नको म्हटलं की माणूस प्रेमाने चिकन आणतो, चिकन नको म्हटलं की हॅम. म्हणून पूर्ण म्हणायचं: "नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी हामोन", म्हणजे मांस, चिकन, मासे, हॅम काहीच खात नाही. एवढ्यावर भागत नाही, कारण घोटलेल्या घेवड्यात, फ्रिहोलेसमध्ये, मांतेका म्हणजे डुकराची चरबी असू शकते आणि लाल भात बरेचदा चिकनच्या पाण्यात शिजवलेला असतो. "तिएने मांतेका? तिएने काल्दो दे पोयो?" हे दोन प्रश्न विचारायचेच. आणि "नो पिका", तिखट नाही, असं कुणी म्हटलं तर आधी टोक जिभेला लावून बघा.

घरच्या स्वयंपाकाचं फार अडत नाही. गुळाला पिलोन्सियो, शंकूच्या आकाराचा, किसून घ्यायचा. हामाइका म्हणजे आपली लाल अंबाडीच, वाळलेली बोंडं, तिचं सरबत सगळीकडे. पनीरऐवजी केसो पानेला, वितळत नाही, भाजीत छान. शेंगदाणे, चिंच, जिरे, हरभरे मंडईत ढिगाने. टॉर्टियाचं पीठ चुन्याच्या पाण्यात उकळलेल्या मक्याचं असतं म्हणून त्याची भाकरी थापताना फाटत नाही, ही माझी इथली सगळ्यात मोठी खरेदी. तूरडाळ आणि हिंग मात्र बरोबर आणा.

मोल्काहेते, म्हणजे काळ्या दगडाचा तीन पायांचा खल, घेतलात तर लगेच चटणी वाटू नका. कोरडे तांदूळ घालून वाटायचं, करडं पीठ निघतं ते टाकायचं, परत तांदूळ, असं पीठ पांढरं येईपर्यंत. नाहीतर दाताखाली कच लागतो. कितीही वेळा केलं तरी करडंच येत असेल तर तो सिमेंटचा आहे, फसलात.

७. पैसे, फिरणं आणि वेळ

किमतीपुढचं डॉलरचं चिन्ह म्हणजे पेसो. एटीएमने "आमच्या दराने बदलून देऊ का" विचारलं की नाही म्हणायचं, व्यवहार तरीही होतो. पाचशेची नोट आणि जुनी वीसची नोट दोन्ही निळ्या, दोन्हीवर बेनितो हुआरेस. मी टॅक्सीत विसाच्या जागी पाचशे देऊन उतरलोय. मागे देवमासा असेल तर पाचशे, एवढं लक्षात ठेवा. आणि पाचशे सुटे करायला सुपरमार्केटच, टपरीवाल्याकडे सुटे नसतात.

हॉटेलात 10 ते 15 टक्के टिप. सुपरमार्केटमध्ये पिशव्या भरून देणारी वयस्कर माणसं असतात, त्यांना दुकान पगार देत नाही, चार-पाच पेसो हातावर ठेवा. दुकानात शिरताना आधी "बुएनास तार्देस", मग काम. थेट "हाऊ मच" केलंत तर तोंडावर कुणी काही बोलणार नाही, पण चेहरा बदलतो. "आओरिता" म्हणजे आपलं "पाच मिनिटांत पोचतोय".

फिरायला मेट्रो-बसचं कार्ड घ्या. मेट्रोची तिसरी लाइन सापोपानहून शहराच्या मध्यातून त्लाकेपाकेला जाते, पाहुणे आले की तीच. रविवारी सकाळी 8 ते 2 मोठे रस्ते सायकलींसाठी बंद असतात, विमानतळावर जायचं असेल तर टॅक्सी लवकर बोलवा. 12 ऑक्टोबरला सापोपानच्या देवीची यात्रा, लाखो लोक कॅथेड्रलपासून चालत जातात, वारी पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको, त्या दिवशी गाडीने कुठे जायचं मनातही आणू नका.

भारत इथून साडेअकरा तास पुढे. सकाळी 8 ला फोन केलात तर घरी संध्याकाळचे साडेसात. मेक्सिकोने 2022 मध्ये बहुतेक ठिकाणी घड्याळ बदलणं बंद केलं पण अमेरिका बदलते, त्यामुळे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकन टीमबरोबरच्या मीटिंगा एक तास सरकतात.

८. तब्येत, विंचू आणि पाऊस

अँटिबायोटिक 2010 पासून चिठ्ठीशिवाय मिळत नाही. पण बऱ्याच मेडिकलना चिकटूनच छोटा दवाखाना असतो, तिथे थोडक्यात तपासून चिठ्ठी देतात. रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी भारतातून जेनेरिक नावाने लिहून आणा, ब्रँडची नावं इथे कुणाला कळणार नाहीत.

विंचू आहेत, शहरातसुद्धा, उन्हाळ्यात जास्त. बूट झटकून घालायचे, पलंग भिंतीपासून हातभर दूर. चावला तर घरगुती उपाय करत बसू नका, मूल असेल तर एक मिनिटही नाही, थेट क्रुस वेर्दे म्हणजे पालिकेचं इमर्जन्सी केंद्र गाठा, तिथे विंचवावरचं सीरम देतात. गाडी मिळत नसेल तर 911. जवळचं क्रुस वेर्दे कुठे आहे ते घर घेतल्याच्या दिवशीच फोनमध्ये सेव्ह करा आणि घरात सगळ्यांना दाखवून ठेवा.

पाऊस जून ते ऑक्टोबर, आणि तो येतो संध्याकाळी, ऑफिस सुटायच्या वेळेला, कधी गारांसकट. पाणी साचलेल्या अंडरपासमध्ये टॅक्सीवाला घुसत असेल तर नको म्हणा आणि अर्धा तास कुठेतरी एस्किते, म्हणजे मक्याचे शिजवलेले दाणे, खात थांबा, तासाभरात ओसरतं. सकाळी कडक ऊन बघून गच्चीवर कपडे वाळत घातले असतील तर चार वाजता शेजारणीला मेसेज टाकून ठेवा.